बंद करतानाच संगणक कोलमडतो

प्रश्न : आमच्या घरच्या विंडोज १० संगणकाला ‘शट डाउन’ दिले, की क्षणभर निळा पडदा दिसून तो पुन्हा सुरू होतो. गावात भारनियमन असते. दोष विजेचा असेल का?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : एरवी सुरळीत चालणारा संगणक केवळ बंद होतानाच कोलमडत असेल, तर विजेपेक्षा एखाद्या ड्रायव्हरवर (उपकरण चालवणाऱ्या आज्ञावलीवर) अधिक संशय घ्यावा, कारण त्या वेळी विंडोज प्रत्येक उपकरणाला थांबण्याची सूचना देते आणि एखाद्या ड्रायव्हरने ती वेळेत पूर्ण केली नाही, तर सारी यंत्रणा अडकते. प्रथम प्रिंटर, डोंगल इत्यादी काढून पाहावे. त्यानंतर ‘पॉवर ऑप्शन्स’मधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे, कारण ते चालू असताना विंडोजचा गाभा पूर्णपणे बंद न होता डिस्कवर साठवला जातो. ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मधील ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढल्यास निळा पडदा टिकेल, त्यावर ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ असे आढळल्यास नुकताच बदललेला ड्रायव्हर ‘रोल बॅक’ करावा, म्हणजे त्याची आधीची आवृत्ती परत आणावी. मात्र कंटाळून भिंतीवरचे बटण कृपया बंद करू नका, त्याने फायली खराब होऊ शकतात. भारनियमनातही हाच धोका असल्याने यूपीएस (वीज गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर वीज पुरवणारा संच) अवश्य घ्यावा.