उंची कमी म्हणून अकादमीने सोडलेल्या मुलाच्या आईला

ताई, तुमची पोस्ट वाचून पोटात कालवलं. पंधरा वर्षांचा मुलगा, ग्लासगोतली फुटबॉल अकादमी, आणि "पाय चांगले आहेत, पण अंगापिंडाने कमी पडतो" असं सांगून सीझनच्या शेवटी दिलेला नारळ. जवळपास याच शब्दांत आमच्या धाकट्यालाही सांगितलं होतं.

फुटबॉलपटू अँडी रॉबर्टसनचं नाव आत्तापर्यंत तुम्हाला बऱ्याच जणांनी ऐकवलं असेल. ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने पंधराव्या वर्षी लहानखुरा म्हणून सोडलं आणि पोरगा पुढे स्कॉटलंडचा कॅप्टन झाला, म्हणून जिद्द सोडू नका, वगैरे. यात खोटं काही नाही, पण माझ्या मते कामाचा भाग त्यात गळतो. सेल्टिकमधून निघाल्यावर तो क्वीन्स पार्कला गेला आणि खेळत राहिला. १८६७ सालचा हा स्कॉटलंडमधला सर्वांत जुना क्लब तेव्हा पूर्ण हौशी होता, खेळाडूंना पगार नव्हता. २०१२-१३ मध्ये तो पहिल्या संघात आला तेव्हा क्लब चौथ्या पायरीच्या लीगमध्ये होता. सामने हॅम्पडनवर, म्हणजे पन्नास हजारांच्या स्टेडियममध्ये, आणि एरवी प्रेक्षक काही शेकडा. त्याच हॅम्पडनमध्ये तो फोनवर तिकिटांची कामं करायचा. ऑगस्ट २०१२ मध्ये त्याने ट्विटरवर लिहिलं होतं की या वयात खिशात पैसे नसले की जगण्यात काही राम नाही, नोकरी हवी आहे. विद्यापीठाचा रस्ताही त्याने बंद केलेला नव्हता.

त्या एका वर्षात तो दर आठवड्याला मोठ्या माणसांबरोबर खेळला. कामधंदा सांभाळून खेळणारे, खांद्याला खांदा देणारे गडी. मला विचाराल तर त्याला घडवलं ते या सामन्यांनी. २०१३ मध्ये डंडी युनायटेड, २०१४ मध्ये २८.५ लाख पौंडांना हल सिटी, २०१७ मध्ये ८० लाखांना लिव्हरपूल. तिथेही पहिले काही महिने बहुतेक वेळ बाहेरच बसून होता. डिसेंबरमध्ये त्याच जागी खेळणाऱ्या मोरेनोचा घोटा दुखावला तेव्हा जागा मिळाली आणि ती त्याने सोडली नाही. जानेवारी २०१८ च्या मँचेस्टर सिटीविरुद्धच्या ४-३ सामन्यातली त्याची ती धाव मुलाला जरूर दाखवा. लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू असून सिटीच्या एकेका खेळाडूच्या अंगावर धावून जात तो थेट त्यांच्या गोलकीपरपर्यंत पोचला होता. पुढच्याच वर्षी चॅम्पियन्स लीग जिंकला. आणि हो, हा "लहानखुरा" मुलगा आज पाच फूट दहा इंच आहे.

आता आमचं. आम्हाला जे महाग पडलं ते काढून टाकणं नव्हे, त्यानंतरचा उन्हाळा. कोचने तोंडी "मोकळा आहेस" सांगितलं, पण नोंदणी रद्द झाल्याचा कागद क्लबच्या कार्यालयातून सुटेचना. नाव लिहीत नाही. ईमेलला उत्तर एकच, "संबंधित विभागाकडे पाठवलं आहे". फोन केला की ते गृहस्थ रजेवर. दुसरा क्लब घ्यायला तयार, तिथल्या कोचला मुलगा आवडलेला, पण नोंदणी अडकलेली म्हणून सामन्यात उतरवता येईना. आठवडाभर तो सगळ्यांबरोबर घाम गाळायचा आणि रविवारी ट्रॅकसूट घालून, पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट सांभाळत रेषेबाहेर उभा राहायचा. कागद आला तोवर त्याच्या जागी दुसरा मुलगा बसला होता. एका सहीसाठी पोराचा सीझन वाया घालवणाऱ्या लोकांचा मला आजही संताप येतो. अशा तक्रारी आमच्याच नव्हेत. मुलांच्या नोंदण्या क्लबांच्या हातात अडकून राहतात म्हणून २०१० मध्ये स्कॉटिश संसदेत याचिका दाखल झाली होती आणि ती कितीतरी वर्षं चालली.

म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आजच लेखी मागा. नोंदणी कोणत्या तारखेला रद्द झाली आणि मुलाला घडवल्याची भरपाई नव्या क्लबकडून मागणार का, ही दोन्ही उत्तरं ईमेलवर हवीत. गोड बोलण्यावर जाऊ नका. मी वकील नाही आणि नियम बदलत असतात, तेव्हा चालू सीझनचे नियम स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनकडून विचारून घ्या.

क्लब निवडताना नाव बघू नका, आठवड्याला किती मिनिटं मैदानावर मिळतील ते विचारा. मोठ्या क्लबच्या बाकावर बसण्यापेक्षा खालच्या लीगमध्ये पूर्ण सामना खेळलेला बरा, या मतावर मी ठाम आहे. प्रत्येक जण रॉबर्टसन होत नाही हे मलाही कळतं. आमचाही झाला नाही, पण तो अजून खेळतो, आनंदाने खेळतो.

थोडं अवांतर. भारतातून नातेवाईक उंची वाढवायच्या पावडरी पाठवतील, त्या देऊ नका. या वयात गुडघ्याखाली हाडाशी दुखत असेल तर "वाढीचं दुखणं" म्हणून सोडू नका, फिजिओला दाखवा (मी डॉक्टर नाही). शाळेचे विषय निवडताना फुटबॉलसाठी काही कमी करू नका.

प्री-सीझनच्या ट्रायल लवकर भरतात. तुम्ही ग्लासगोच्या कोणत्या भागात राहता आणि तो कुठल्या जागी खेळतो ते कळवा. साउथसाइडला असाल तर कुठे विचारायचं ते व्यनि (खाजगी निरोप) करते.