जुन्या मारुती एस्टीमचा इंजिन इनटेक घरच्या घरी सुधारून सजवता येतो का?

आपल्याकडे २००४ सालची पेट्रोल एस्टीम आहे. तिला बाजारात मिळणारा शंकूच्या आकाराचा फिल्टर आणि चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा पाइप बसवल्यास ताकद व अ‍ॅव्हरेज वाढेल का, आणि त्याच खटाटोपात मॅनिफोल्डही (हवा प्रत्येक सिलिंडरकडे वाटून देणारा नळ्यांचा भाग) पॉलिश करून घ्यावा का, असे आपण विचारले आहे. सजावट अवश्य करावी, ती घरी उत्तम साधते. परंतु ताकद वाढेल या अपेक्षेने खर्च करण्यापूर्वी मूळ इनटेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारा मार्ग, हवेला किती अडवतो हे मोजून घ्यावे, असे माझे मत आहे. हे मोजमाप कोणीही करू शकतो आणि तरीही ते फारसे कोणी करत नाही, याचे मला वाईट वाटते.

आपले इंजिन १२९८ सीसीचे, सोळा व्हॉल्व्हचे आणि सुमारे ८५ अश्वशक्तीचे आहे. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर ते दर मिनिटाला साधारण ३,३०० लिटर हवा ओढते. ही हवा फिल्टर, त्याचा डबा व रबरी पाइप यांतून येताना तिचा दाब थोडा घटतो, आणि फिल्टर-पाइप बदलून जास्तीत जास्त तेवढाच दाब परत मिळू शकतो. तो मोजण्यासाठी अडीच मीटर पारदर्शक नळी घ्यावी, ती फळीवर यू आकारात उभी बांधावी आणि अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरावे. नळीचे एक टोक मोकळे ठेवून दुसरे टोक फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) यांच्यामधल्या पाइपाला जोडावे. तिथे येणाऱ्या ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली तेलकट वाफ आणणाऱ्या, नळीत तीन तोंडांची टी बसवली की नवे भोक पाडावे लागत नाही. मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून फेऱ्या चढू द्याव्यात आणि शेजारी बसलेल्या माणसाने दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक वाचावा. चालवणाऱ्याने नळीकडे अजिबात पाहू नये.

वातावरणाचा दाब साधारण दहा मीटर पाण्याच्या स्तंभाएवढा असतो, म्हणून पातळीतला दहा सेंटिमीटर फरक म्हणजे सुमारे एक टक्का तोटा. समजा, पंचवीस सेंटिमीटर फरक दिसला, तर सगळा अडथळा नाहीसा करूनही दोन अश्वशक्तीच्या आसपासच हाती लागेल. फरक साठ-सत्तर सेंटिमीटर निघाला, तर मात्र कुठेतरी खरोखर कोंडी आहे. ती फिल्टरमध्ये आहे की त्याच्या आधीच्या पाइपात, हे नळीचे टोक फिल्टरच्या आधी, हवा येते त्या बाजूला जोडून पुन्हा पाहिले की कळते. बऱ्याचदा नवा कागदी फिल्टर घातल्यावरच पाणी खाली येते.

उघड्या शंकू-फिल्टरबद्दल माझा मुख्य आक्षेप उष्णतेचा आहे. हवेची घनता तापमानाबरोबर घटते. तीस अंशांची हवा साठ अंशांपर्यंत तापली तर तिची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी कमी होते. बॉनेटखाली रेडिएटरच्या मागे बसवलेला उघडा फिल्टर सिग्नलवर थांबलेल्या गाडीत हीच तापलेली हवा ओढतो, म्हणजे दोन टक्के मिळवण्यासाठी त्याहून कितीतरी जास्त गमवावे लागते. कंपनीचा डबा दिसायला ओबडधोबड असला, तरी त्याचे तोंड बहुतेक गाड्यांत बाहेरच्या हवेकडे काढलेले असते. इतक्या जुन्या गाडीत मात्र पुढचा पाइप निखळलेला, डब्याच्या क्लिपा तुटलेल्या किंवा रबरी घड्यांना चिरा गेलेल्या असणे अगदी शक्य आहे. या दुरुस्त्या करणे, डब्याच्या कडेला रबरी बीडिंग लावणे आणि डबा व इंजिन यांच्यामध्ये पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा उभा करणे, यालाच मी खरी सुधारणा म्हणतो. हवेचे तोंड खाली बंपरमध्ये नेण्याचा मोह मात्र टाळावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावर तिथून पाणी सिलिंडरमध्ये गेले की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनच उघडावे लागते.

अ‍ॅव्हरेजच्या बाबतीत फारशी आशा ठेवू नये. पेट्रोल इंजिनाची ताकद आपण थ्रॉटलने हवा अडवूनच नियंत्रित करतो. फिल्टर मोकळा झाला की त्याच वेगासाठी थ्रॉटल किंचित कमी उघडावे लागते, एवढाच फरक पडतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली मुद्दाम तुंबवलेले फिल्टर घालून चाचण्या केल्या, तेव्हा इंधन इंजेक्शनच्या आधुनिक गाड्यांचा इंधनखर्च जवळपास तसाच राहिला, वेग घेण्याची क्षमता मात्र घटली. उघड्या शंकू-फिल्टरने इंजिनाचा आवाज भारदस्त होतो हे खरे आहे, आणि आपल्याला तोच हवा असेल तर ती हौस रास्तच आहे.

आता सजावटीकडे येतो. एस्टीमचा मॅनिफोल्ड ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा आहे, हे आपले भाग्य; आजच्या बहुतेक गाड्यांतले मॅनिफोल्ड नायलॉनचे असतात आणि ते पुसण्यापलीकडे काही करता येत नाही. काम थंड इंजिनावरच करावे. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी, इंधनाच्या लाइनमधला दाब उतरवावा आणि कूलंट काढून घ्यावे. मॅनिफोल्ड निघाल्याबरोबर हेडची (सिलिंडरांवरच्या झाकणाची) उघडी तोंडे स्वच्छ कापडाने बंद करावीत. एखादा वॉशर आत पडला तर पुढचे सगळे काम बाजूला राहते. धुण्यासाठी डिझेल किंवा डिग्रीझर वापरावे. कॉस्टिक सोड्याला हातही लावू नये, कारण तो अ‍ॅल्युमिनियम खातो.

आतल्या मार्गांना आरशासारखी चकाकी आणण्याची गरज नाही. इंजेक्टर पेट्रोल थेट व्हॉल्व्हजवळ फवारतो, त्यामुळे आतल्या चकाकीने फरक जाणवत नाही. गॅस्केट (जोडात बसणारी पातळ चकती) ठेवून पाहावे आणि त्याच्या छिद्रापेक्षा धातूची कड आत आलेली असेल, तर तेवढीच कड कानशीने व ऐंशी नंबरच्या पेपरने उतरवावी. बाहेरून मात्र मनसोक्त वेळ द्यावा. ओतकामाचे उंचवटे काढून २४० नंबरच्या एमरी पेपरपासून ४००, ८०० आणि १२०० पर्यंत ओल्याने घासत जावे, मग कापडी बफ आणि पॉलिशची वडी वापरावी. आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर घेऊ नये; घाई केली तर ते ओरखडे शेवटच्या चकाकीत उठून दिसतात. मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या खाऱ्या हवेत ही चकाकी लवकर मंदावून पांढरट डाग पडतात, म्हणून तिथे पावडर कोटिंग अधिक टिकाऊ. पुण्यात भोसरी-चाकणच्या बाजूला हे काम करून मिळते. भट्टी सुमारे १८० ते २०० अंशांची असते, त्यामुळे सेन्सर, रबर आणि प्लॅस्टिकचा प्रत्येक भाग आधी काढून घ्यावा.

गॅस्केटच्या सपाट बाजूवर आणि अर्थिंगची तार जिथे बोल्टने आवळली जाते त्या जागेवर रंग किंवा कोटिंग येऊ देऊ नये. अर्थिंग तुटले की इंजिनाचा कॉम्प्युटर सेन्सरची चुकीची मापे वाचू लागतो आणि मेकॅनिक दोष भलतीकडे शोधत बसतो. घासकाम संपल्यावर मॅनिफोल्ड साबणाच्या गरम पाण्याने ब्रश घालून धुवावा, कॉम्प्रेसरच्या हवेने प्रत्येक छिद्र साफ करावे आणि पांढरे कापड आत फिरवून काळी पूड येत नाही याची खात्री करावी, कारण ही पूड पिस्टनच्या रिंगांपर्यंत पोहोचते. गॅस्केट नवेच घालावे आणि बोल्ट मधून कडेकडे, दोन टप्प्यांत आवळावेत. गाडी सुरू केल्यावर आयडलिंग (उभ्या गाडीतल्या इंजिनाच्या फेऱ्या) नेहमीपेक्षा वर राहिले किंवा फुसफुस ऐकू आली, तर हवा कुठून तरी गळतीने आत येत आहे असे समजावे.

ब्रीदरची नळी छोट्या फिल्टरने उघडी सोडण्याची पद्धत हल्ली दिसते. ती मूळ जागीच जोडावी, म्हणजे इंजिनातली तेलकट वाफ पुन्हा जळून जाते. आपल्या गाडीला पंधरा वर्षे उलटली असल्याने नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तिची तपासणी होते, तेव्हा काढलेला मूळ डबा, त्याच्या क्लिपा आणि पाइप एका खोक्यात जपून ठेवावेत. हे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत.