जुन्या गाडीत रास्पबेरी पाय आणि टचस्क्रीन बसवायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

तुमच्याकडे २०१३ ची वॅगन आर आहे, तिच्यातला जुना स्टिरिओ काढून त्या जागी रास्पबेरी पाय ४ हा एका पाटीवर मावणारा छोटा संगणक आणि सात इंची टचस्क्रीन बसवायचा तुमचा विचार आहे, आणि हे काम घरच्या घरी जमेल का, असा तुमचा प्रश्न आहे. जमेल. मी पुण्यात माझ्या जुन्या वॅगन आरमध्ये हेच केले आहे आणि गेली तीन वर्षे ते रोज वापरतो आहे. मात्र माझी पहिली मांडणी सहा महिन्यांत उखडून पुन्हा करावी लागली. त्याचे कारण स्क्रीनमध्येही नव्हते आणि सॉफ्टवेअरमध्येही नव्हते, ते विजेच्या जोडणीत होते. म्हणून उत्तराचा मोठा भाग मी त्यावरच खर्च करणार आहे.

त्याआधी एक गोष्ट स्वतःला विचारून घ्या. तुम्हाला फक्त नकाशा, गाणी आणि मागचा कॅमेरा एवढेच हवे असेल, तर बाजारात मिळणारा तयार अँड्रॉइड स्टिरिओ कमी श्रमात आणि बहुधा कमी पैशात ते सगळे देतो. स्वतःचा संगणक बसवण्यात अर्थ आहे तो इंजिनाच्या नोंदी साठवायच्या असतील, स्वतःचे प्रोग्राम चालवायचे असतील किंवा हाताला खाज असेल तर. माझ्या बाबतीत तिसरे कारण खरे होते. हा छंद तसा जुना आहे. विया कंपनीने २००१ मध्ये १७ सेंटिमीटर चौरसाचा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड आणला, तेव्हापासून परदेशातली हौशी मंडळी डिकीत संगणक आणि डॅशबोर्डवर स्क्रीन बसवत आली आहेत. आता तेच काम पत्त्यांच्या जोडाएवढ्या पाटीवर होते, एवढाच फरक.

आता विजेकडे वळू. पायला ५ व्होल्टला ३ अँपिअर लागतात आणि गाडीत १२ व्होल्ट असतात, म्हणजे मध्ये एक कन्व्हर्टर टाकला की झाले, असे वाटते. प्रत्यक्षात गाडीतले १२ व्होल्ट कधीच १२ नसतात. गाडी उभी असताना चांगल्या बॅटरीवर १२.६ दिसतात, इंजिन चालू असताना अल्टरनेटर ते १४ च्या वर नेतो आणि स्टार्टर मारताना ते क्षणभर ९ च्याही खाली कोसळू शकतात. त्यामुळे बक-बूस्ट जातीचा, म्हणजे आत येणारा दाब कमी असो वा जास्त, बाहेर ५ व्होल्टच देणारा आणि किमान ५ अँपिअरचा कन्व्हर्टर घ्या. एलएम२५९६ चिपचे जे स्वस्त मॉड्यूल सर्वत्र मिळते, त्यावर ३ अँपिअर लिहिलेले असले तरी तेवढा प्रवाह सतत घेतला तर ते हात लावू देत नाही इतके तापते. मी ते वापरले होते. त्यात भर म्हणून मीटरभर लांबीची बारीक केबल घेतली होती. कन्व्हर्टरच्या तोंडाशी मल्टिमीटर ५.०८ व्होल्ट दाखवत होता आणि पायच्या तोंडाशी ४.६. पाय ४.६३ च्या खाली गेला की स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचे पिवळे चिन्ह दाखवतो, आणि माझ्याकडे ते दिवसभर लुकलुकत असे. जाड तारेची वीतभर केबल लावल्यावर ते गेले. (ती केबल आणायला मी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेलो आणि ‘पायसाठी जाड केबल द्या’ म्हणालो, तेव्हा शेजारचे गिऱ्हाईक माझ्या चपलेकडे बघू लागले.)

दुसरा प्रश्न वीज कुठून घ्यायची हा, आणि खरी चूक इथेच होते. बाजारातल्या स्टिरिओच्या कपलरमध्ये पिवळी तार कायम चालू असते, लाल तार चावी ॲक्सेसरीवर आली की चालू होते आणि काळी अर्थिंगची असते. कंपनीच्या मूळ वायरिंगचे रंग वेगळे असू शकतात, त्यामुळे रंगावर विश्वास न ठेवता प्रत्येक तार मल्टिमीटरने तपासा. मी सरळ विचार करून लाल तारेवर कन्व्हर्टर जोडला. चावी फिरवली की संगणक सुरू, चावी काढली की बंद. पण बहुतेक गाड्यांत स्टार्टर मारताना लाल तारेवरची वीज तेवढ्यापुरती तुटते, म्हणजे अर्धवट सुरू झालेला संगणक प्रत्येक वेळी आपटून पुन्हा सुरू होतो. शिवाय चावी काढताच त्याचा श्वासच बंद. पायचे सगळे सॉफ्टवेअर एसडी कार्डावर असते, आणि त्यावर काही लिहिले जात असताना वीज गेली की फाइली बिघडतात. माझी तीन कार्डे अशी वाया गेली.

उलट पिवळ्या तारेवर जोडले, तर संगणक रात्रंदिवस चालू राहतो. पाय आणि स्क्रीन मिळून साधारण ६ वॉट घेतात, म्हणजे बॅटरीतून अर्धा अँपिअर. छोट्या पेट्रोल गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी या हिशेबाने सत्तर तासांत पूर्ण रिकामी होईल, पण गाडी सुरू न होण्याइतकी ती त्याच्या निम्म्या वेळातच उतरते. शनिवारी दुपारी लावलेली गाडी सोमवारी सकाळी ढकलावी लागते, हे मी सोसायटीच्या वॉचमनच्या साक्षीने सांगू शकतो.

यावरचा मार्ग दोन्ही तारांचा मिळून आहे. वीज पिवळ्या तारेवरून घ्यायची आणि ती एका रिलेमधून, म्हणजे विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचमधून, न्यायची. लाल तारेवर वीज आली की रिले ओढला जातो आणि पाय सुरू होतो. सुरू होताच तो स्वतःच्या एका पिनवरून ट्रान्झिस्टरमार्फत तोच रिले धरून ठेवतो. चावी काढली की लाल तार मरते, ते पायला दुसऱ्या पिनवर कळते, अर्धा मिनिट वाट पाहून तो रीतसर बंद होतो आणि अगदी शेवटी रिले सोडून देतो. या शेवटच्या पायरीसाठी कॉन्फिग फाइलमध्ये ‘जीपीआयओ-पॉवरऑफ’ नावाची सोय आहे. रिले सुटला की बॅटरीवर संगणकाचा काही भार उरत नाही. स्टार्टरच्या क्षणी रिले सुटू नये म्हणून त्याच्या कॉइलच्या बाजूला डायोडमागे एक मोठा कपॅसिटर लावा. लाल तार पायच्या पिनला थेट कधीही जोडू नका, कारण त्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि १२ व्होल्ट लागताच बोर्ड संपतो. मध्ये पीसी८१७ सारखा ऑप्टोकपलर, म्हणजे दोन्ही बाजू विजेने न जोडता प्रकाशाने संदेश पोहोचवणारा भाग, टाका. सोल्डरिंगची सवय नसेल तर हेच काम करणारी तयार पाटी मिळते, ती घेण्यात कमीपणा नाही. पिवळ्या तारेवर मात्र, जिथून वीज घेता त्या टोकाजवळ, ५ अँपिअरचा फ्यूज हवाच.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. तुमच्या गाडीत एअरबॅग असेल तर डॅशबोर्डखाली पिवळ्या वेष्टनातल्या तारा किंवा पिवळे कपलर दिसतील. त्यांचा स्टिरिओच्या पिवळ्या तारेशी काहीही संबंध नाही, त्या एअरबॅगच्या आहेत आणि त्यांना मल्टिमीटरही लावायचा नाही.

स्क्रीनच्या बाबतीत मापाची गंमत आहे. डॅशबोर्डमधली डबल-डिन, म्हणजे मोठ्या स्टिरिओच्या ठरलेल्या मापाची, खाच १८० बाय १०० मिलिमीटरची असते, आणि रास्पबेरी पायचा मूळ सात इंची टचस्क्रीन काचेसकट १९४ बाय ११०. म्हणजे तो खाचेत जात नाही, खाचेवर बसतो. मी आधी पुठ्ठा कापून आठवडाभर डॅशबोर्डवर चिकटवून ठेवला आणि गिअर टाकताना हात लागतो का, एसीची जाळी झाकली जाते का, हे पाहिले. मगच मॉडेलप्रमाणे मिळणारी प्लास्टिकची फ्रेम विकत घेऊन ती कानशीने घासली. मूळ फ्रेम तशीच जपून ठेवा, गाडी विकताना लागते. स्क्रीन थोडा खाली झुकवून बसवला तर दुपारच्या उन्हात त्यावर आपलाच शर्ट दिसत नाही.

पाय मात्र स्क्रीनच्या पाठीला चिकटवू नका. तो ५० अंशांपर्यंतच्या हवेत चालावा अशा हिशेबाने बनवलेला आहे, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या बराच वर जातो. जळगावला सासुरवाडीच्या अंगणात गाडी लावली होती, तेव्हा दुपारी चार वाजता चावी फिरवल्यावर चिपचे तापमान ८० च्या पुढे जाऊन सगळे रांगायला लागले. त्यानंतर मी पाय ग्लव्हबॉक्सच्या मागे, पंखा लावून, हलवला. त्याची किंमत अशी की मूळ स्क्रीनची चपटी रिबन केबल तिथवर पोहोचत नाही, म्हणून एचडीएमआय आणि यूएसबी वापरणारा दुसरा स्क्रीन घ्यावा लागला. तुम्ही सुरुवातीलाच तो घ्या.

आवाजासाठी पायचे आउटपुट थेट स्पीकरला चालत नाही, चार चॅनलचा छोटा ॲम्प्लिफायर लागतो. त्याच्या स्पीकरच्या निगेटिव्ह तारा बॉडीला अर्थ करू नका, ॲम्प्लिफायर जळतो. गाणे चालू असताना ॲक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी कुईऽऽ ऐकू आली, तर संगणक आणि ॲम्प्लिफायर यांचे अर्थिंग वेगवेगळ्या बोल्टवर आहे असे समजा आणि दोन्ही एकाच ठिकाणी आणा. तरीही राहिली तर आवाजाच्या केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे अर्थिंगमधून येणारा हा आवाज अडवणारी डबी, लावा.

सॉफ्टवेअरचे थोडक्यात सांगतो. फोनवरचे अँड्रॉइड ऑटो, म्हणजे फोनचे नकाशे-गाणी गाडीत दाखवणारी सोय, स्क्रीनवर आणायला ओपनऑटो हा मुक्त प्रकल्प आणि त्यावर उभारलेले क्रँकशाफ्ट आहे. आता त्यांच्यावर फारसे काम होत नाही, त्यामुळे नव्या फोनशी पटेलच असे नाही. मी साधे रास्पबेरी पाय ओएस ठेवून वर स्वतःचा एक पडदा लिहिला आहे. काही केले तरी रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंगच्या प्रोग्राममधून ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा, म्हणजे कार्डावर काही लिहिलेच जात नाही. नोंदी वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. पाय ४ ला स्वतःचे घड्याळ नसते, म्हणून डीएस३२३१ या घड्याळ-चिपचे मॉड्यूल बसवा, नाहीतर इंटरनेट मिळेपर्यंत सगळ्या नोंदींवर चुकीची वेळ पडते. व्हिडिओ फक्त हँडब्रेक ओढलेला असतानाच चालेल अशी अट मी प्रोग्राममध्येच घातली आहे. मुले वैतागतात, वैतागू देत.

डॅशबोर्ड बंद करण्यापूर्वी एक मोजणी करा. सगळे बंद करून, चावी काढून, दारे लावून दहा मिनिटे थांबा, मग बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर जोडा. या अवस्थेत चुकूनही स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. गाडीची स्वतःची घड्याळे-बिड्याळे मिळून माझ्याकडे २० मिलिअँपिअर दिसतात. तुमच्याकडे आकडा ५० च्या वर असेल, तर बहुधा रिले सुटत नाही आहे. तो सुटल्याची टिक ऐकू येईपर्यंत स्क्रू आवळू नका.