वाचकांचे प्रश्न : लिनक्स आणि न ओळखला जाणारा डोंगल

प्रश्न : जुन्या संगणकावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी संगणकप्रणाली) घेतले. प्रिंटर जोडताच सुरू झाला. यूएसबी वाय-फाय डोंगल मात्र ओळखला जात नाही. नवख्याने लिनक्सच्या वाटेला जावे का?

उत्तर : जावे, पण हा फरक का पडतो हे समजून घेऊन. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर (उपकरण चालवणारे छोटे प्रोग्राम) कर्नेलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच असतात. त्यामुळे कीबोर्ड, माऊस, पेनड्राइव्ह यांसाठी वेगळे काहीच बसवावे लागत नाही. एअरप्रिंट (ॲपलची छपाईची पद्धत) मानणारे प्रिंटरही सहसा स्वतंत्र ड्रायव्हरशिवाय चालतात, आणि या बाबतीत लिनक्स कधीकधी विंडोजपेक्षाही सोपे वाटते. डोंगलची गोष्ट वेगळी आहे. खोक्यावरचे मॉडेल तेच ठेवून काही कंपन्या पुढच्या आवृत्तीत आतली चिप बदलतात, आणि त्या चिपचा ड्रायव्हर तुमच्या कर्नेलमध्ये नसेल तर डोंगल मुका राहतो. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा लहान रोमन अक्षरांत दिल्यावर उपकरणाचा क्रमांक दिसतो. शोध मॉडेलच्या नव्हे, त्या क्रमांकाच्या आधारे घ्यावा. तोवर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करावे, म्हणजे मोबाइलचे इंटरनेट संगणकाला मिळेल, ‘अपडेट मॅनेजर’मधून नवे कर्नेल घ्यावे आणि ‘ड्रायव्हर मॅनेजर’ही पाहावा. इतक्यावर काम झाले नाही, तर अनोळखी संकेतस्थळावरचा ड्रायव्हर स्वतः कंपाइल करण्यापेक्षा (मूळ कोडपासून तयार करण्यापेक्षा), ज्याची चिप कर्नेलमध्ये आधीपासून आहे असा दुसरा डोंगल घेणे मी पसंत करीन, कारण तसा कंपाइल केलेला ड्रायव्हर कर्नेल बदलल्यावर पुन्हा बंद पडू शकतो.