ईएमएसने मांडीची ताकद वाढवताना

आपला प्रश्न असा आहे की, एसीएलच्या (गुडघ्याच्या आतल्या पुढच्या अस्थिबंधाच्या) शस्त्रक्रियेला पाच महिने झाले, तरी उजवी मांडी डावीपेक्षा बारीकच आहे; दोन चॅनलचे ईएमएस यंत्र, म्हणजे त्वचेवरच्या पॅडमधून विजेचे ठोके देऊन स्नायू आवळायला लावणारे यंत्र, रोज अर्धा तास टीव्ही पाहताना लावूनही तीन आठवड्यांत फरक पडलेला नाही, तेव्हा वेळ वाढवावा का, आणि तेच पॅड पोटावर लावल्यास चरबी उतरेल का. मी डॉक्टर नाही. माझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली मी हे यंत्र वापरायला शिकलो आणि गेली सहा वर्षे धावण्याच्या सरावाला पूरक म्हणून ते वापरतो आहे, तेवढ्या अनुभवावर लिहितो.

वेळ वाढवू नये. आधी यंत्र नेमक्या कोणत्या प्रकारावर चालते आहे ते पाहावे, कारण घरगुती यंत्रांपैकी बरीचशी टेन्स आणि ईएमएस अशी दुहेरी असतात आणि सुरू करताच टेन्सवर येतात. टेन्स वेदना कमी जाणवण्यासाठी संवेदी चेतातंतूंना उद्देशून असते. त्यात मुंग्या येतात, पण स्नायू आवळला जात नाही. मांडी दगडासारखी घट्ट होत नसेल, तर ताकद वाढण्याचा प्रश्नच येत नाही. क्वाड्रिसेप्ससाठी, म्हणजे मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूसाठी, ५० ते ७५ हर्ट्झ वारंवारता, ३०० ते ४०० मायक्रोसेकंद पल्स रुंदी (विजेचा प्रत्येक ठोका टिकण्याचा काळ) आणि प्रवाह हळूहळू चढण्यासाठी दोन सेकंदांचा रॅम्प, अशी मांडणी मला उपयुक्त ठरली. दहा सेकंद आकुंचन आणि पन्नास सेकंद विश्रांती, असे दहा वेळा. हे प्रमाण सोव्हिएत संशोधक याकोव कोट्स यांच्यापासून रूढ झाले. त्यांनी १९७७ मध्ये माँट्रियल येथे खेळाडूंची ताकद ४० टक्क्यांपर्यंत वाढल्याचा दावा केला होता. तेवढी वाढ नंतरच्या अभ्यासकांना पुन्हा दाखवता आली नाही; पन्नास सेकंदांच्या विश्रांतीमागचे कारण मात्र पटण्यासारखे आहे.

आपण स्वतः पाय ताठ करतो तेव्हा मेंदू आधी लहान, चिवट स्नायू-एकके (एकत्र आवळणारे तंतूंचे गट) कामाला लावतो आणि थकवा येऊ लागला की त्यांची पाळी बदलतो. यंत्राला अशी पाळी लावता येत नाही. पॅडखालचे तेच तंतू दरवेळी एकाच क्षणी आवळले जातात, त्यामुळे ते फार लवकर थकतात. विश्रांती कमी केली की पाचव्या-सहाव्या आकुंचनालाच जोर ओसरतो आणि उरलेला वेळ नुसती थरथर होत राहते. पॅडची जागा दर खेपेस बोटभर सरकवल्यास वेगळे तंतूही कामाला लागतात.

टीव्हीसमोर पाय पसरून बसणे सोडावे. खुर्चीवर बसून गुडघा साधारण ६० अंशांत वाकवावा आणि घोटा खुर्चीच्या पायाला पट्ट्याने बांधावा, म्हणजे पाय झटक्याने सरळ होऊन नव्या अस्थिबंधावर ताण येणार नाही; आपल्याला हा कोन चालेल का, हे मात्र फिजिओथेरपिस्टला विचारूनच ठरवावे. एक मोठा पॅड जांघेच्या चार बोटे खाली, मांडीच्या पुढे किंचित बाहेरच्या बाजूला आणि दुसरा गुडघ्याच्या वाटीच्या वर आतल्या अंगाला, थेंबाच्या आकाराचा जो फुगवटा असतो त्यावर लावावा. प्रवाह चढू लागला की आपणही पूर्ण जोर लावून पाय सरळ करण्याचा प्रयत्न करावा. शस्त्रक्रियेनंतर सुजेमुळे आणि सांध्याकडून येणाऱ्या संदेशांमुळे हा स्नायू मेंदूच्या आज्ञेला नीट दाद देत नाही. यंत्राचा खरा उपयोग इथेच होतो, म्हणून स्वतःचा प्रयत्न त्याच्या जोडीला असावाच लागतो. आठवड्यातून तीन दिवस पुरेत, आणि सांगितलेले व्यायाम त्याच्या बदल्यात टाळू नयेत.

प्रवाह किती, याचे उत्तर मिलिअँपिअरमध्ये देता येत नाही, कारण पॅडचा आकार आणि त्वचेखालील चरबी यांवर ते ठरते. सहन होईल तेवढा प्रवाह हे अंतिम ध्येय आहे. पहिल्या दिवशी मात्र त्याच्या निम्म्यावर थांबावे. मी थांबलो नव्हतो. पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात दोन्ही मांड्यांवर चाळीस मिनिटे यंत्र लावले आणि पुढचे चार दिवस कठडा धरून पाठमोरा जिना उतरलो. तिसऱ्या दिवशी केलेल्या रक्ततपासणीत सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारे द्रव्य) काही हजारांवर गेले होते. स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर तुटले की त्यांतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडांना इजा करू शकतात. लघवी चहाच्या रंगाची झाल्यास, मांडी ताठरून सुजल्यास किंवा ताकद अचानक गेल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पूर्ण अंगाला सूट चढवून वीस मिनिटांत व्यायाम उरकणारे स्टुडिओ हल्ली आपल्याकडेही निघाले आहेत. तिथे अनेक मोठे स्नायू एकाच वेळी आवळले जात असल्याने हा धोका आणखी मोठा असतो, आणि सुरुवातीचे दोन महिने आठवड्यातून एकदाच, तेही सौम्यपणे, ही मर्यादा पाळणे आवश्यक असते.

पेसमेकर असल्यास, गरोदरपणात, अपस्मार असल्यास किंवा पायात रक्ताची गुठळी असल्याची शंका असल्यास यंत्र वापरू नये. मानेच्या पुढच्या बाजूला आणि छातीवर पॅड कधीही लावू नयेत. शस्त्रक्रियेच्या जागी धातूचे स्क्रू असतील, तर शल्यचिकित्सकांना एकदा विचारून घ्यावे.

पोटाबाबत थोडक्यात सांगतो: चरबी उतरणार नाही. असेच दावे करणाऱ्या पट्ट्यांच्या विक्रेत्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००२ मध्येच कारवाई केली होती.

पॅडचा चिकटपणा गेला की प्रवाह एका कडेला एकवटतो आणि टाचणी टोचल्यासारखे वाटते; अशा वेळी प्रवाह कमी करून भागवू नये, पॅड बदलावेत. मांडीचा घेर मोजताना गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून दहा सेंटिमीटरवर पेनाने खूण करून दर दोन आठवड्यांनी त्याच जागी टेप लावावी. आपल्या यंत्रावर पल्स रुंदी किती मायक्रोसेकंद दाखवली आहे ते कळवल्यास कोणता प्रोग्रॅम निवडायचा हे सांगता येईल.