वाचकांचे प्रश्न : पोराला कैगाला पाठवू का?

प्रश्न : सर नमस्कार, आम्ही सोलापूरचे, घरचे पॉवरलूम आहेत. मुलाचं कर्नाटकातल्या कैगाच्या अणुवीज केंद्रात सिलेक्शन झालंय पण त्याची आजी जाऊच देईना, म्हणते तिथं बॉम्बसारखा स्फोट होतोय. मिस्टर म्हणतात आपल्याकडं फताटेवाडीला कोळशाचं केंद्र हाय, ऊन पण रग्गड हाय, मग अणूचं कशाला? खरं काय ते सांगा.
- एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, आधी आजींना सांगा की अणुभट्टीचा बॉम्ब होऊच शकत नाही. बॉम्बला ९० टक्क्यांच्या आसपास शुद्ध केलेलं युरेनियम लागतं आणि कैगात वापरतात ते नैसर्गिक, त्यात फुटणारा भाग १ टक्क्याहूनही कमी असतो.

खरा धोका वेगळा आहे. भट्टी बंद केली तरी आतलं इंधन तापतच राहतं, गॅस बंद केल्यावर भाकरीचा तवा लगेच हातात धरता येतो का, तसंच, फक्त इथं इंधन पुरतं गार व्हायला कित्येक वर्षं लागतात आणि तोवर ते पाण्यानं गार करत राहिलंच पाहिजे. २०११ ला जपानच्या फुकुशिमात भूकंप झाल्याझाल्या भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या, पण नंतर त्सुनामीत डिझेल जनरेटर बुडाले, पंप थांबले आणि इंधन वितळलं. त्यात घाईघाईत गावं रिकामी करताना म्हातारी, आजारी माणसं खूप गेली, हे फार कमी लोकांना माहितीय. १९८६ ला चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रात मोठा अपघात झाला, तिथं तर भट्टीभोवती काँक्रीटचं भक्कम कवचच नव्हतं. कैगाला ते आहे.

मिस्टरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. सोलर आपल्याकडं झालंच पाहिजे, माझा पूर्ण पाठिंबा, पण रात्रपाळीचे लूम कशावर चालणार? आज त्याचं उत्तर बहुतेक कोळसा हेच आहे, आणि कोळशाचा धूर, राख, खाणीतले अपघात यांनी दरवर्षी जी माणसं मरतात त्याची बातमी होत नाही म्हणून आपल्याला ते सेफ वाटतं. तेवढ्याच विजेमागं अणुवीज कितीतरी कमी जीव घेते, चेर्नोबिल धरूनसुद्धा. एक किलो नैसर्गिक युरेनियम वीस-पंचवीस टनांहून जास्त कोळशाचं काम करतं. कैगाची एक नंबरची भट्टी २०१८ च्या अखेरपर्यंत सलग ९६२ दिवस न थांबता चालली, तो तेव्हा जागतिक विक्रम होता.

आता, सोलापुरातच असं केंद्र टाका असं मी अजिबात म्हणणार नाही. त्याला पाणी प्रचंड लागतं आणि आपल्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, उजनीवर अजून किती ओझं टाकणार? म्हणून तर तारापूरचं अणुवीज केंद्र समुद्राकाठी आहे. अणुकचऱ्याचा प्रश्नही खरा आहे, सगळ्यात जहाल कचरा काचेत गोठवून ठेवतात पण तो हजारो वर्षं सांभाळायचाय. आणि कोकणात जैतापूरला अणुवीज केंद्र करायचं ठरलंय, तिथल्या मच्छीमारांना प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे, त्यांना अडाणी म्हणणारे लोक मला अजिबात पटत नाहीत.

राहिलं मुलाचं. रेडिएशनच्या भागात काम असेल तर त्याला छातीवर टीएलडी बॅज लावावा लागेल, त्यात किती रेडिएशन लागलं ते मोजलं जातं. आपल्याकडं कामगाराला वर्षाला ३० मिलिसिव्हर्ट (शरीराला लागलेलं रेडिएशन मोजायचं माप) आणि पाच वर्षांत मिळून १०० ही मर्यादा आहे, प्रत्यक्षात बहुतेकांना यापेक्षा खूप कमी लागतं. आपल्याला सगळ्यांनाच जमिनीतून, आकाशातून वर्षाला साधारण अडीच मिलिसिव्हर्ट मिळतच असतं. त्याला जाऊ द्या ताई, फक्त बॅज काढून कधी काम करू नको आणि आकडा किती आला ते दर वेळी विचारून घे, एवढं बजावून सांगा.