रिव्ह्यूचे स्टार बघून ठरवू नकोस, प्रोजेक्ट कुठला ते विचार

म्हणजे ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या साठेक माणसांच्या कंपनीत तुला चार वर्षं आठ महिने झालेत, ऐरोलीच्या माइंडस्पेस आयटी पार्कमधून एका बड्या आयटी कंपनीची नऊ लाखांची ऑफर आलीये, आणि तिथल्या लोकांचे रिव्ह्यू वाचून डोकं फिरलंय कारण एकजण म्हणतो स्वर्ग, दुसरा म्हणतो पळा. दोघंही खरंच बोलत असणार.

एवढ्या मोठ्या कंपनीत आपण कंपनीत नसतोच रे, एका प्रोजेक्टवर असतो नि एका मॅनेजरच्या हाताखाली असतो. त्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावरची मंडळी सहाला लॅपटॉप मिटून ट्रेन पकडतात आणि सहाव्यावरची अमेरिकेतला क्लायंट उठायची वाट बघत बसतात, गळ्यातलं आयडी कार्ड मात्र सेम. मी आधी महापे नि मग ऐरोली असं अशाच कंपन्यांत बरीच वर्षं काढलीयेत, प्रोजेक्ट बदलला की नोकरी बदलल्यासारखंच वाटायचं. त्यात रिव्ह्यू लिहितं कोण, तर जॉइन झाल्याझाल्या एचआरने सांगितलं म्हणून पाच स्टार देणारे फ्रेशर, नाहीतर अप्रेझलच्या दुसऱ्या दिवशी पेटलेले लोक. त्याची सरासरी काढून काय कळणार, कप्पाळ?

म्हणून 'मॅनेजर खडूस' टाइप सोडून दे. पुणे, चेन्नई, ऐरोली, सगळीकडची माणसं एकच रडगाणं गात असतील तर ती पॉलिसी समज. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड, व्हेरिएबल (पगाराचा कामगिरीवर मिळणारा भाग) कधीच पूर्ण न मिळणं, फुल अँड फायनल, म्हणजे सोडतानाचा हिशोब, रखडणं, आणि बेंच. प्रोजेक्ट संपला, क्लायंटचं बिलिंग थांबलं की बेंचवर, म्हणजे काम नसताना नुसतं बसून. सुरुवातीला मजा वाटते, मग रोज फोन, चेन्नईला जातोस का, नाइट शिफ्ट करतोस का. इंटरव्ह्यूत सरळ विचार की कुठल्या प्रोजेक्टसाठी घेताय, शिफ्ट कुठली, बेंचवर किती दिवस ठेवता. उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा.

आता पैसे. नऊ लाख म्हणजे महिना पंचाहत्तर हजार, असं घरी सांगू नकोस. समजा दहा टक्के व्हेरिएबल, ते साडेसात हजार बाजूला. बेसिक (मूळ पगार) निम्मं धरलं, म्हणजे साडेसदतीस हजार, तर त्यावर १२ टक्के पीएफ तुझा आणि तेवढाच कंपनीचा, तोही सीटीसीत, म्हणजे त्या नऊ लाखांतच घुसवलेला, मिळून नऊ हजार. ग्रॅच्युइटी, म्हणजे पाच वर्षं भरल्यावर नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, ४.८१ टक्क्यांनी अठराशे. प्रोफेशनल टॅक्स दोनशे, फेब्रुवारीत तीनशे. हातात साडेछप्पन हजार. पीएफ निदान तुझ्याच नावावर साठतोय, पण व्हेरिएबलचा भरवसा नाही, म्हणून एचआरला म्हण की फिक्स वाढवा.

आणि हे कोणी तुला सांगितलेलं दिसत नाही, तुझी पाच वर्षं भरत आलीयेत ना! दहा किंवा जास्त माणसं असतील तर ग्रॅच्युइटी छोट्या कंपनीलाही लागू असते, शेवटच्या बेसिकचे पंधरा भागिले सव्वीस गुणिले वर्षं. बेसिक वीस हजार असेल तर पाच वर्षांचे सत्तावन्न हजारांच्या वर होतात, चार महिन्यांसाठी कशाला सोडतोस? नोटीस पिरियडही नोकरीतच धरला जातो, तेव्हा शेवटचा दिवस पाच वर्षांच्या पुढे जाईल अशा हिशोबाने राजीनामा टाक आणि नवीन कंपनीकडून जॉइनिंग डेट पुढे मागून घे. स्वतः नव्वद दिवस अडकवणाऱ्यांना यात नवल वाटत नाही. जुना पीएफ काढू नकोस, त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) ट्रान्सफर कर, पेन्शनला दहा वर्षांची सर्व्हिस लागते.

प्रवासाचं टेन्शन घेऊ नकोस. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल पकडली की दिघा गाव, मग ऐरोलीच, स्टेशनवरून चालत ऑफिस. बाइक काढलीस तर विटाव्याच्या पुलाखाली पावसाळ्यात कसं पाणी तुंबतं ते तुला माहितीच असेल.

तोंडी ऑफरवर वागळेत काही बोलू नकोस, लेटर येऊ दे. आलं की पगाराचा ब्रेकअप नाव खोडून इथे टाक, बघून सांगतो.